बेल ट्रान्सफॉर्मर: पुण्यात सापडणारे चार प्रकार आणि घरात बसवण्याजोगा एक

पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये दाराबाहेरचं बेलचं बटण थेट २३० व्होल्टवर चालतं. फेज आतल्या बोर्डातून बटणात येतो, बटण दाबलं की तो बेलला मिळतो. न्यूट्रल बेलला आधीच जोडलेला असतो. घरातल्या बाकी स्विचना घरचीच माणसं हात लावतात, तेही छपराखाली. बेलच्या बटणाला मात्र कुरिअरवाला, पेपरवाला, छत्री मिटत आलेले पाहुणे असे सगळे हात लावतात, आणि बंगल्यात किंवा उघड्या पॅसेजच्या इमारतीत जून ते सप्टेंबर त्यावर पावसाची झड येत राहते. त्यात आता बऱ्याच घरांना लोखंडी सेफ्टी डोअर असतं. ते बसवणारा कारागीर चौकटीशेजारी ड्रिल मारतो, तेव्हा बटणाची वायर भिंतीतून कुठून गेली आहे हे त्याला दिसत नाही. स्क्रू त्या वायरीत घुसला तर सगळ्या दारात करंट उतरतो. दाराला अर्थिंग नसल्यामुळे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, आणि आरसीसीबीलाही (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) कोणी दाराला हात लावेपर्यंत काही कळत नाही.

हे बटण २३० व्होल्टपासून तोडून ८ किंवा १२ व्होल्टवर आणणं हा बेल ट्रान्सफॉर्मरचा खरा उपयोग. ‘तोडून’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. व्होल्टेज कमी करण्याचे स्वस्त उपाय पुष्कळ आहेत. पण बटणाच्या वायरी आणि घरची लाइन यांच्यात तांब्याचा एकही धागा समान नसणं, आणि मधलं इन्सुलेशन वर्षानुवर्षं टिकणं, यासाठीच आपण पैसे मोजतो. व्हिडिओ डोअरबेल आल्यापासून या वस्तूची विचारणा वाढली आहे, कारण त्यांतल्या वायर जोडायच्या प्रकारांना साधारण १६ ते २४ व्होल्ट एसी लागतो. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नुसतं ‘बेलचा ट्रान्सफॉर्मर द्या’ म्हटलं, तर तीन पूर्णपणे वेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही समोर येऊ शकते. त्या तिन्ही, आणि अमेरिकेहून घरी येणारी चौथी, इथे तपासल्या आहेत.

तपासताना किंमत आणि दिसणं बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारले. दोन्ही वाइंडिंगमध्ये (तांब्याच्या तारेची वेटोळी: लाइनकडचं ते प्रायमरी, बेलकडचं ते सेकंडरी) किती भक्कम अंतर आहे? सेकंडरी शॉर्ट झाली तर ट्रान्सफॉर्मर स्वतःला सांभाळतो का? २३० व्होल्टचे स्क्रू बोट लागणार नाही असे झाकलेले आहेत का?

यातला दुसरा प्रश्न बऱ्याच वायरमन मंडळींकडूनही सुटतो, म्हणून तो आधी समजून घेऊ. ८ व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडवर लाइनकडून जेमतेम ३५ मिलिअँपिअर घेतो (८ भागिले २३०). मध्ये बेल न येता सेकंडरीच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर सेकंडरी शॉर्ट होते. तेव्हा लाइनचा करंट काही पटींनी वाढतो, पण तरीही एका अँपिअरच्या बराच आत राहतो. ६ अँपिअरच्या एमसीबीला तो दिसतच नाही. आरसीसीबीलाही दिसत नाही, कारण अर्थकडे काहीच गळत नाही. जितका करंट गेला तितकाच परत आला. मग वाइंडिंग तापत राहतं, आधी वार्निशचा वास येतो, नंतर बॉबिनचं प्लास्टिक वितळतं. म्हणजे ‘एमसीबी आहे की’ हे उत्तर इथे चालत नाही. एमसीबी भिंतीतल्या वायरीचं रक्षण करते. ट्रान्सफॉर्मरचं रक्षण ट्रान्सफॉर्मरच्या पोटातच असावं लागतं.

१. उघडा ‘१२-०-१२’

पासोड्या विठोबापाशी सर्वात सहज आणि सर्वात स्वस्त मिळतो तो हा. लोखंडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर बॉबिन, एका बाजूला दोन वायरी, दुसऱ्या बाजूला तीन. प्रोजेक्टसाठी, अॅम्प्लिफायरच्या डब्यासाठी ही चांगली वस्तू आहे. भिंतीवर दोन स्क्रूंनी ठोकून त्यावर बेल चालवण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

याचे दोष नीट मोजून सांगता येतात. शॉर्ट सोसण्याची हमी नसते, आत थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर उडणारी) आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. दोन वाइंडिंग एकावर एक गुंडाळली आहेत, की बॉबिनच्या मधल्या भिंतीने वेगळी केली आहेत, ते बघून घ्यावं लागतं. मध्ये भिंत असलेला नेहमीच बरा. ‘१२-०-१२’ वाचून बारा व्होल्ट मिळतील असं धरून दोन टोकांच्या वायरी जोडल्या, तर प्रत्यक्षात २४ मिळतात आणि १२ व्होल्टची बेल जळते. बारा हवे असतील तर मधली वायर आणि कोणतंही एक टोक घ्यायचं, उरलेलं टोक कापून उघडं न ठेवता वेगळं बंद करायचं.

कोणती बाजू लाइनची, यात गोंधळ झाला तर मल्टिमीटरने ओम मोजा. प्रायमरीचा रेझिस्टन्स शेकडो ओममध्ये असतो, सेकंडरीचा एक-दोन किंवा फार तर काही ओम. २३० व्होल्ट चुकून सेकंडरीला दिले तर ती क्षणात जळते, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्टचा झटका निघू शकतो.

हा वापरायचाच असेल तर: पेट न घेणाऱ्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या बंद डब्यात, डब्याला हवा खेळायला खाचा, गाभ्याला हिरवी अर्थ वायर, आणि प्रायमरीच्या फेजमध्ये ५ बाय २० मिलिमीटरची काचेची टाइम-डिले फ्यूज. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण लोडवर लाइनकडून ५० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, म्हणून १०० किंवा १६० मिलिअँपिअरची फ्यूज पुरते. साधी, लवकर उडणारी फ्यूज घेतली तर लाइट येताना बसणाऱ्या पहिल्या झटक्यातच ती वारंवार उडेल, आणि मग कोणीतरी तिथे तांब्याची तार बांधेल. हा सगळा खर्च धरला तर स्वस्ताई संपते. आमची शिफारस नाही.

२. अमेरिकेहून आलेला

पुण्यात हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घरांत सापडतो. मुलगा किंवा सून तिकडून व्हिडिओ डोअरबेल पाठवते, सोबत तिथल्या दुकानातला १६ व्होल्ट ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मरही येतो. वस्तू उत्तम बनावटीची असते, पण १२० व्होल्ट ६० हर्ट्झसाठी. आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ.

नुसतं ‘दुप्पट व्होल्टेज, मग दुप्पट आउटपुट’ इतकंच हे नाही. गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतं आणि फ्रीक्वेन्सी कमी झाली तरी वाढतं. २३० भागिले १२० म्हणजे १.९२, आणि ६० भागिले ५० म्हणजे १.२; गुणाकार २.३. इतकं चुंबकत्व तो गाभा पेलूच शकत नाही. तो भरून जातो, प्रायमरीचा करंट कित्येक पटींनी उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर लवकरच धूर सोडतो. बेल दाबायचीही गरज नसते.

दुसरा धोका रंगांचा. अमेरिकेत काळी वायर फेजची, पांढरी न्यूट्रलची. आपल्याकडच्या घरांत काळी न्यूट्रलची, लाल फेजची. काळ्याला काळी जोडणारा वायरमन फेज आणि न्यूट्रल उलट करून बसतो. ट्रान्सफॉर्मर एसीवर उलटाही चालतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण ज्या वायरीत फ्यूज आहे ती आता न्यूट्रलची झालेली असते. फ्यूज उडाली तरी आत फेज तसाच उभा.

‘२३० चे ११० करणारा कन्व्हर्टर लावून चालवू’ हा सल्ला दुकानात मिळतो. त्यातले बरेच कन्व्हर्टर ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे त्यांत लाइनपासून तोडणं नाहीच. त्यापुढे ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० वर, चोवीस तास, दोन गरम वस्तू एकाला एक जोडून. डोअरबेल ठेवा, ट्रान्सफॉर्मर ठेवू नका. तो परत तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवून द्या, म्हणजे माळ्यावरून काढून उद्या कोणी लावणार नाही.

३. प्लगमध्ये बसणारा अॅडॉप्टर

भाड्याच्या घरासाठी, किंवा डीबीत (एमसीबींच्या पेटीत) जागाच नाही अशा घरासाठी हा खरोखर उपयोगी आहे. भिंतीतलं वायरिंग बदलावं लागत नाही, प्लग काढला की सगळं बंद. घेताना अंगावर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, एकात एक असे दोन चौकोन, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनची खूण, हीही हवी.

अडचण अशी की बहुतेक अॅडॉप्टर १२ किंवा २४ व्होल्ट डीसी देतात. तुमच्या डोअरबेलच्या मॅन्युअलमध्ये डीसी चालतं असं स्पष्ट छापलं असेल तरच ते जोडा. आतल्या टिंग-टाँग बेलमधून थोडा करंट घेऊन चालणाऱ्या डोअरबेलची रचनाच एसी धरून केलेली असते. तिला डीसी दिलं तर ती सुरू झाल्यासारखी वाटते आणि बेल वाजत नाही, किंवा सतत गुणगुणते. दुसरी अडचण सॉकेटची. दाराजवळ सॉकेट नसतो, मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो, वायर दाराच्या फटीतून जाते आणि दार रोज तिच्यावर आपटतं. तशी वेळ येणार असेल तर अॅडॉप्टर नको.

बाजारात काही म्युझिकल बेल अशाही असतात ज्यांत ट्रान्सफॉर्मरच नसतो; आत एक कपॅसिटर लाइनचं व्होल्टेज ‘पाडतो’. त्यांच्या बटणाच्या वायरी बारीक असतात, मीटरवर दोघींमध्ये पाच-सात व्होल्ट दिसतात, म्हणून त्या सुरक्षित वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही वायरी अर्थच्या तुलनेत २३० व्होल्टवर असू शकतात. ओळखायचं असं: बेल चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बटणाची एक वायर आणि सॉकेटचं अर्थ यांच्यात मोजा. शंभराच्या वर स्थिर आकडा आला, तर त्या वायरी फेजच्याच समजून वागवा आणि कधीही बाहेर नेऊ नका.

४. डिन रेलवर बसणारा बेल ट्रान्सफॉर्मर

घरात बसवण्याजोगा म्हणून आम्ही सांगतो तो हाच. डीबीत एमसीबी ज्या ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर अडकतात, त्याच पट्टीवर हा अडकतो. रुंदी साधारण दोन एमसीबींइतकी, म्हणजे ३६ मिलिमीटरच्या आसपास. आधी डीबीत तेवढी जागा मोजा. एका अंगाला २३० व्होल्टचे दोन स्क्रू, विरुद्ध अंगाला सेकंडरीचे तीन किंवा चार. कोणत्या दोन स्क्रूंमध्ये ८, कोणत्यात १२, कोणत्यात २४ ते अंगावरच छापलेलं असतं. अंदाजाने जोडू नका, कारण मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी.

अंगावर चार गोष्टी वाचा. आयईसी ६१५५८-२-८ हा क्रमांक: बेल आणि चाइमच्या ट्रान्सफॉर्मरसाठीचा मानक हाच आहे. नुसतं ६१५५८ छापलं असेल तर तो कुटुंबाचा क्रमांक झाला, बेलसाठीचा नव्हे. त्यानंतर घंटेची छोटी खूण. मग एकात एक दोन चौकोन. आणि प्रायमरी २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. असा ट्रान्सफॉर्मर सेकंडरी शॉर्ट झाली तरी धोका होऊ नये, असाच बनवलेला असतो: काहींत वाइंडिंगचीच रचना तशी, काहींत गरम झाल्यावर करंट रोखणारा पीटीसी. शॉर्ट काढला, थंड होऊ दिला, की पीटीसीवाला पुन्हा चालू होतो. थर्मल फ्यूजवाला एकदा उडाला की टाकून द्यावा लागतो. तरीही सुरक्षिततेत तो कमी नाही.

आता याच्या उणिवा. ८ व्हीएचं मॉडेल साध्या बेलला पुरतं, व्हिडिओ डोअरबेलला बहुधा पुरत नाही. त्यांना किमान १० व्हीए, काहींना त्याहून बरेच जास्त लागतात. कमी पडलं की रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेरा बंद-चालू होत राहतो आणि लोक वाय-फायला दोष देतात. दुसरं, लहान ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज लोड नसताना बरंच वर असतं. ८ व्होल्टच्या स्क्रूंवर मीटर ११-१२ दाखवतो. तो बिघाड नव्हे. पण २४ व्होल्टच्या स्क्रूंवर रिकामे ३० च्या वर जाऊ शकतात, आणि डोअरबेलची कमाल मर्यादा २४ असेल तर ते तिला सोसणार नाही. म्हणून व्हिडिओ डोअरबेलसाठी १६ किंवा १८ व्होल्टचा, जास्त व्हीएचा शोधा. तो गल्लीत प्रत्येक दुकानात तयार नसतो, मागवून घ्यावा लागतो. मॉडेल क्रमांक लिहून द्या, पक्कं बिल घ्या, आणि ‘हाच दुसऱ्या कंपनीचा’ म्हणून उघडा ट्रान्सफॉर्मर दिला तर घेऊ नका. किंमत उघड्याच्या कितीतरी पट आहे. ती रास्त आहे.

विजेचा खर्च विचारणारे बरेच असतात. बेल वाजत नसतानाही ट्रान्सफॉर्मर साधारण एक ते दोन वॅट खातो. एक वॅट चोवीस तास वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिट. तेवढंच.

बसवताना

डीबीतलं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या वायरमनकडून करून घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत बल्ब, फ्यूज, स्विच बदलणं यासारख्या गोष्टींना सूट आहे. वायरिंगमध्ये नवी भर घालण्याला नाही. पण काम चालू असताना शेजारी उभं राहून काय तपासायचं हे घरमालकाला कळलं पाहिजे, म्हणून पुढचा तपशील.

पहिली गोष्ट लाइन बंद करण्याची. मेन स्विच पाडल्यावर इन्व्हर्टरही बंद करा. बेल बहुतेक घरांत दिव्यांच्या सर्किटवर असते आणि तेच सर्किट इन्व्हर्टरवर घेतलेलं असतं. मेन पडलेला, टीव्ही बंद, आणि बेलच्या बटणात फेज जिवंत, असं सहज होतं. गुरुवारी महावितरणची देखभालीसाठी लाइट गेलेली असते, ‘तेवढ्यात उरकून घेऊ’ म्हणत मेन न पाडता काम करणं तर पूर्णपणे टाळा. लाइट केव्हाही येते. बंद झाल्याची खात्री निऑन टेस्टरवर सोडू नका. मीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग बंद केलेल्या वायरीवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधला शून्य खरा आहे की मीटरच बिघडला आहे, ते त्यातूनच कळतं. चालू सॉकेट घरात नसेल तर पॅसेजमधला चालतो.

प्रायमरीला आयएस ६९४ (पीव्हीसी वायरींचा भारतीय मानक) ची १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ६ अँपिअरच्या एमसीबीतून. न्यूट्रल घेताना चूक होते ती इथे. डीबीत आरसीसीबीच्या आधीची आणि नंतरची अशा दोन न्यूट्रल पट्ट्या असू शकतात. फेज आरसीसीबीनंतरचा आणि न्यूट्रल आधीचा घेतला, तर ट्रान्सफॉर्मरचा सगळा करंट आरसीसीबीला ‘गळती’ दिसतो. बेल न दाबता तो थोडासा असतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. बेल दाबली की तो ३५ मिलिअँपिअरच्या दिशेने जातो आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते. पाहुणे आले की घरात अंधार. असं झालं तर ट्रान्सफॉर्मर बदलू नका, न्यूट्रल बदला.

वायरीची टोकं ७-८ मिलिमीटरच सोला, बारीक तारांवर थिंबल (धातूची टोपी) दाबा, एकही तार स्क्रूबाहेर नको. प्रायमरी आणि सेकंडरीच्या वायरी डीबीत एकमेकींवरून न जाता विरुद्ध बाजूंनी बाहेर पडू द्या. सेकंडरीला अर्थ जोडायचं नाही. ती दोन्हींकडून मोकळी असणं हीच तिची सुरक्षितता. दुहेरी इन्सुलेशनच्या ट्रान्सफॉर्मरला स्वतःलाही अर्थचा स्क्रू नसतो, त्यामुळे तो शोधत बसू नका.

आता जुन्या बटणाचं. भिंतीतल्या त्याच दोन वायरी वापरता येतात, आणि त्या चांगल्या जाड असल्यामुळे वापराव्यातच. पण त्यांतल्या एकीला बोर्डात शेजारच्या स्विचवरून फेजचा लूप दिलेला असतो. तो लूप बोर्डातून, मुळापासून काढा. बटणापाशी वायर कापून टेप गुंडाळली तर फेज तिथेच, दाराबाहेर, टेपखाली राहिला. टेपचा गोंद दोन उन्हाळ्यांत सुटतो. दोन्ही वायरी बोर्डातून पूर्ण मोकळ्या केल्यावर त्यांच्यात आणि फेज, न्यूट्रल, अर्थ यांच्यात कुठेही कंटिन्युइटी नाही, हे मीटरने बघा आणि मगच सेकंडरीला जोडा. वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असेल तर या वायरी आणि अर्थ यांच्यात रीडिंग घ्या. सेफ्टी डोअरचा स्क्रू वायरीत घुसलेला असेल तर एक टोक वायरीला आणि दुसरं दाराच्या लोखंडाला लावल्यावर तो इथेच सापडतो. मेगर घेताना डोअरबेल जोडलेली नको, तिचं सर्किट जळेल.

नवी वायर टाकावी लागली आणि पाइप एकच असेल, तर त्यात बारीक बेल-वायर घालू नका. २३० व्होल्टच्या वायरींसोबत जाणाऱ्या प्रत्येक वायरीचं इन्सुलेशन २३० व्होल्टला पुरेसं हवं. आयएस ६९४ च्या वायरीवर ‘११०० व्ही’ छापलेलं असतं, ती घ्या. वेगळी केसिंग पट्टी टाकणार असाल तर ०.७५ चौरस मिलिमीटर पुरे. जाडीचा हिशेब सोपा आहे: दहा मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर तांबं. ०.७५ च्या वायरीत १ अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो, ०.५ च्या वायरीत पाऊण. टेलिफोनच्या बारीक वायरीत पावणेदोन व्होल्ट पडतात, आणि ८ व्होल्टची बेल ‘टिंग’ करून ‘टाँग’ गिळते.

एक प्रश्न उरतो: आतली बेल. २३० व्होल्टची बेल ८ व्होल्टवर वाजणार नाही. ८ ते १२ व्होल्ट एसीची बेल मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, किंवा घरच्यांना जुन्या बेलचाच आवाज हवा असेल, तर डीबीत एक रिले बसवा. त्याची कॉइल १२ व्होल्ट एसीची हवी. डीसी कॉइल घेतली तर रिले नुसता थरथरतो. बटण १२ व्होल्टवर कॉइल ओढतं, आणि रिलेचे कॉन्टॅक्ट आतल्या आत २३० व्होल्टची बेल वाजवतात. रिलेच्या कागदावर कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यातली चाचणी किमान ४००० व्होल्टची लिहिलेली बघा, नाहीतर ट्रान्सफॉर्मरने तोडलेलं रिलेने पुन्हा जोडलं असं होईल. ८ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर यासाठी भरपूर झाला. जुनी बेल ठेवून फक्त बटण सुरक्षित करायचं असेल, तर एवढंच काम सर्वात कमी तोडफोडीचं आहे.

व्हिडिओ डोअरबेल बेलशिवाय थेट ट्रान्सफॉर्मरला लावणार असाल तर मॅन्युअलमधली रेझिस्टरची ओळ वाचा. काही मॉडेलना मध्ये २५ ओम ५० वॅटचा रेझिस्टर लागतोच; तो तापतो, म्हणून लाकडी चौकटीत किंवा पीओपीच्या मागे कोंबू नका.

नंतर काय बघायचं

चालू केल्यावर तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि सेकंडरी कुठे शॉर्ट आहे, की बटण दाबलेलंच राहिलं आहे, ते शोधा. बहुतेक वेळा बटण आत अडकलेलं असतं. हलकी गुणगुण चालते, लाइट इन्व्हर्टरवर गेल्यावर ती एकदम वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. ट्रान्सफॉर्मरची फेज इन्व्हर्टर नसलेल्या एमसीबीवर हलवा. लाइट गेल्यावर बेल वाजणार नाही, एवढा तोटा.

वळीव सुरू व्हायच्या आधी बाहेरच्या बटणाची प्लेट एकदा उघडून बघा. मुंग्यांचं वारूळ, हिरवा गंज, ओल यांपैकी काही दिसलं तर बटण बदला. आता त्यात १२ व्होल्टच आहेत, हे काम स्वतः करता येतं. आरसीसीबीचं टेस्ट बटणही त्याच दिवशी दाबा. डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: बेल ट्रान्सफॉर्मर, कोणत्या एमसीबीवर, सेकंडरी किती व्होल्ट, बटणाच्या वायरींत २३० नाही. पुढचा वायरमन बटण बंद पडलं म्हणून सवयीने शेजारच्या स्विचवरून फेजचा लूप मारायला जाईल, तेव्हा त्याने ही ओळ वाचलेली असली पाहिजे.